माळ्यावरच्या कॅसेटी रद्दीत देण्यापूर्वी

वाचकहो, आपल्या घरात माळ्यावर, दिवाणाखाली अथवा गॅलरीतल्या कपाटात एखादे खोके असेल. सुतळीने बांधलेले आणि वर्षानुवर्षे न उघडलेले. त्यात व्हिडिओ कॅसेटी असतील. कुणाच्या खोक्यात मुंजीचे नि लग्नाचे चित्रण असेल, कुणाच्या खोक्यात दूरदर्शनवरून उतरवून घेतलेली नाटके. आज ज्या खोक्याविषयी मी लिहिणार आहे त्यातला ऐवज जरा निराळा आहे : इंग्लंड-अमेरिकेतील रॉक संगीताच्या मैफलींची चित्रणे. आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

रॉक म्हणजे तरुणांचा धांगडधिंगा, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की एक साधा हिशेब आपण करीतच नाही. १९६९ साली जो मुलगा वीस वर्षांचा होता, त्याने आज पंचाहत्तरी ओलांडली आहे. बॉब डिलनचा जन्म १९४१ चा, पॉल मॅकार्टनीचा १९४२ चा, मिक जॅगरचा १९४३ चा. माझ्या दवाखान्यातल्या बाकावर रक्तदाब तपासून घेण्यासाठी बसलेल्या आजोबांच्या वयाचीच ही मंडळी आहेत. आणि त्या बाकावर बसणाऱ्यांपैकी काहींच्या घरी त्यांच्या चित्रफितींचे खोके आहे, हे मला घरभेटींमुळे ठाऊक आहे.

अशा एका खोक्याच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली. तीच आधी सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नकाशे काढण्याच्या कामातून निवृत्त झालेले एक काका माझे रुग्ण होते. वय एकाहत्तर. जुना दमा आणि नुकताच लक्षात येऊ लागलेला विस्मरणाचा आजार. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगा नोकरीनिमित्त फिरतीवर, त्यामुळे सारी शुश्रूषा सूनबाईच करीत. पावसाळ्यात काकांचा दमा बळावला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. खोलीत भिंतीलगत तीनशेच्या आसपास कॅसेटी रचलेल्या होत्या. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट जेमतेम वीतभर. चार कॅसेटी उघडून पाहिल्या तर फितीच्या कडांवर पांढरी बुरशी. दम्याच्या रुग्णाच्या उशाशी बुरशी, आणि रात्री लघवीला उठणाऱ्या माणसाच्या पायांत खोकी. वैद्यकीयदृष्ट्या प्रश्न सरळ होता. मी औषधांच्या चिठ्ठीवरच लिहिले : खोली रिकामी करावी.

सूनबाईंनी दोन दिवसांत खोली लखलखीत केली. सारे खोके रद्दीवाल्याने उचलून नेले.

दमा आटोक्यात आला. परंतु काका रोज संध्याकाळी उठून ते खोके शोधू लागले. आधी भिंतीपाशी, मग कपाटात, मग जिन्यात. ‘माझं सामान कुठं गेलं?’ हा एकच प्रश्न. मुलाने ते विकून खाल्ले, असा आरोप त्यांनी केला, आणि ज्या सुनेने त्यांचे सर्व काही केले तिच्या हातचे जेवायचे नाही, असा हट्ट धरला. तो शोध पुढे सात-आठ महिने चालला. त्यांचा विस्मरणाचा आजार त्यामुळे वाढला, असे मी म्हणणार नाही. तो वाढणारच होता. पण संध्याकाळच्या वेळी ज्या वस्तूपाशी बसून ते स्वतःला ओळखू शकत होते, ती वस्तू माझ्या एका ओळीने घरातून गेली होती. नंतर एकदा सूनबाई मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, आपण निदान दहा तरी ठेवायला हव्या होत्या.’ ‘आपण’ हा शब्द त्यांनी भलेपणाने वापरला होता.

त्या खोक्यात काय असते

ही चूक मी केली याचे मला अधिकच वाईट वाटते, कारण मी स्वतः त्या खोक्यांतला आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणीत असू. सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी चित्रपट बहुमताने ठरत आणि तिसरी, पहाटेची, आम्हा चार-पाच जणांच्या हट्टाची असे. अशाच एका पहाटे मी ‘वुडस्टॉक’ पाहिला.

न्यूयॉर्क राज्यातील बेथेल गावाजवळच्या एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर ऑगस्ट १९६९ मध्ये झालेल्या त्या महोत्सवाला चार लाखांहून अधिक माणसे जमली होती. मायकेल वॉडली याने त्यावर काढलेला चित्रपट १९७० साली प्रदर्शित झाला. तो तीन तासांहून मोठा आहे आणि त्याच्या संकलकांमध्ये तेव्हा नवखा असलेला मार्टिन स्कॉर्सेसी होता. पडद्याचे दोन-तीन भाग करून एकाच वेळी वादक आणि श्रोते दाखवण्याची त्यातली रीत आजही नवी वाटते. पाऊस, चिखल, अन्नाची टंचाई हे सारे त्यात आहे. निकृष्ट अमली पदार्थांविषयी मंचावरून सावध करणारी घोषणाही आहे. जिमी हेन्ड्रिक्स वाजवायला उभा राहिला तो सोमवारी सकाळी, बहुतेक गर्दी घरी निघून गेल्यावर. पुढच्या वर्षी तो गेला, जॅनिस जॉप्लिनही गेली. दोघेही सत्ताविसाव्या वर्षी. या चित्रफिती पाहताना माझ्यातल्या डॉक्टरला नेहमी वाटते की यांतील कितीतरी जण रक्तदाबाची गोळी लागण्याच्या वयापर्यंत पोहोचलेच नाहीत.

आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटावीत अशी काही चित्रणे या खोक्यांत हमखास सापडतात. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे झालेल्या महोत्सवाचा डी. ए. पेनबेकर याचा चित्रपट संपतो तो पंडित रविशंकरांच्या सतारीने आणि उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याने. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातील निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी मैफल भरवली. त्या दिवशी दोन कार्यक्रम झाले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. नंतर हॅरिसन, डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार. वाद्ये सुरात लावून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, एक रचना संपली! नुसते सूर जुळवणे एवढे आवडले असेल तर प्रत्यक्ष वादन अधिक आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे रविशंकर हसून बोलले, तेही चित्रणात आहे. एखाद्या गरजू देशासाठी रॉक कलावंतांनी मैफल भरवण्याची जी परंपरा पुढे रुजली, तिचे मूळ याच दुपारी आहे.

त्या परंपरेतली सर्वांत गाजलेली मैफल १३ जुलै १९८५ ची, ‘लाइव्ह एड’. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘क्वीन’ने सुमारे वीस मिनिटे गाऊन अख्खे मैदान हलवून सोडले. त्या मंचावरचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांजीबारला पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला आणि तिथेच शाळकरी मित्रांच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला.

‘पिंक फ्लॉइड’ने ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतील पॉम्पे येथील प्राचीन रंगमंडलात एकाही श्रोत्याविना वाजवले, ते चित्रण तर संग्राहकांचे दैवतच. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात रिकाम्या पायऱ्यांपुढे चार माणसे वाजवीत आहेत! ‘द बँड’ या संचाचा निरोपाचा कार्यक्रम २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये झाला. आधी पाच हजार श्रोत्यांना सणाचे जेवण वाढण्यात आले, मग गाणे. स्कॉर्सेसीने त्यावर ‘द लास्ट वॉल्ट्झ’ काढला. निवृत्ती कशी घ्यावी याचा तो वस्तुपाठ आहे, असे माझे एक सेवानिवृत्त रुग्ण म्हणतात. अर्थात त्या संचातले काही जण पुढे पुन्हा गाऊ लागलेच.

हे सारे आज मोबाइलवर दोन बोटांत दिसते, मग कॅसेट कशाला जपायची? कारण संग्राहकाने जे जमवले ते गाण्यापुरते नव्हते. अमेरिकेतून अथवा जपानहून आणलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असे, ५२५ रेषांची. आपल्याकडचे यंत्र पाल पद्धतीचे, ६२५ रेषांचे. घरी आणून लावावी तर चित्र कृष्णधवल दिसे किंवा पडद्यावर नुसते वर सरकत राही. मग दुबई-सिंगापूरहून दोन्ही पद्धती चालवणारे यंत्र मागवायचे, ते ज्याच्याकडे असेल त्याच्याशी मैत्री करायची, दोन यंत्रे जोडून प्रत काढायची. प्रतीवरून प्रत काढली की रंग फिकट होत आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत गायकाचा चेहरा ओळखू येईनासा होई. तरीही ती जपली जाई, कारण कुणीतरी मित्राने ती रात्रभर जागून उतरवून दिलेली असे. (अशा प्रती काढणे स्वामित्वहक्काच्या कायद्यात बसत नव्हते, हेही नोंदवायला हवे.) कॅसेटीच्या पाठीवरचे ते सुबक हस्ताक्षर, तारीख, स्थळ, वादकांची नावे. विस्मरणाच्या आजारात मी रुग्णाला आजची तारीख विचारतो तेव्हा ती सांगता येत नाही. पण १९७३ च्या जुलैमध्ये ‘लेड झेपेलिन’ कुठे वाजवीत होते ते सांगता येते : मॅडिसन स्क्वेअर गार्डन.

हे का होते

साधारणपणे दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयात अधिक ठळकपणे आणि अधिक संख्येने राहतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घर सोडणे हे याच काळातले, आणि त्या काळात ऐकलेले संगीतही त्यांच्याच शेजारी साठवले जाते. अल्झायमरच्या आजारात मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी झिजत नाहीत. ओळखीच्या सुरावटीची स्मृती ज्या भागांशी निगडित आहे त्यांतील काही भाग तुलनेने उशिरा बाधित होतात. म्हणून मुलाचे नाव विसरलेली व्यक्ती गाण्याचा पुढचा स्वर अचूक पकडते. मुलाला याचे दुःख होते. आपल्याला विसरले आणि गाणे लक्षात राहिले! वाचकहो, त्यात मायेचा कमी-अधिकपणा नाही, ही मेंदूतली जागेची रचना आहे.

संगीताने हा आजार बरा होत नाही. ते कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. तास-दोन तास मन शांत होणे, कधी भूक लागणे, कधी शेजारी बसलेल्याशी चार शब्द बोलणे, इतके मात्र मी अनेकदा पाहिले आहे, आणि शुश्रूषा करणाऱ्याला ते दोन तास किती मोलाचे असतात हे वेगळे सांगायला नको.

निवड करताना मात्र डोळस असावे. सर्वच चित्रणे सुखद नसतात. रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’ या चित्रपटात डिसेंबर १९६९ च्या आल्टमाँट येथील मैफलीत श्रोत्यांमध्ये झालेली हत्या प्रत्यक्ष दिसते. विस्मरणाच्या रुग्णाला पडद्यावरचे आणि खोलीतले यांतला फरक नेहमी कळतोच असे नाही. गर्दी आपल्या अंगावर येते आहे, अशा समजुतीने घाबरून ओरडलेले आजोबा मी पाहिले आहेत. झगझगत्या, लुकलुकत्या दिव्यांची चित्रणेही अशा रुग्णांना आणि अपस्माराचा त्रास असलेल्यांना दाखवू नयेत. सायंकाळी दिवेलागणीला ज्यांची अस्वस्थता वाढते त्यांच्यासाठी दुपारी चारचा सुमार उत्तम. संपूर्ण चित्रपट दाखवण्याचा अट्टहास नको, वीस-पंचवीस मिनिटांचा एखादा भाग पुरतो. आपण जवळ बसावे. प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नये. ‘हा कोण, सांगा पाहू?’ याऐवजी ‘हा वाजवतो छान’ एवढे म्हणावे, आठवत असेल तर ते स्वतःहून सांगतील.

आवाजाची गोष्ट

रॉक आणि मोठा आवाज यांचे नाते जुने आहे, आणि त्याची किंमत स्वतः कलावंतांनीही मोजली आहे. ‘द हू’चा पीट टाउनशेंड आणि एरिक क्लॅप्टन या दोघांनीही आपल्या कानांच्या तक्रारींविषयी उघडपणे सांगितले आहे. कानात सतत गुणगुण अथवा शिटी वाजत राहणे, हा त्यांतला प्रमुख त्रास.

वयपरत्वे श्रवणशक्ती कमी होते ती बहुधा उंच स्वरांपासून. त्यामुळे ढोल ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत आणि माणूस आवाज वाढवीत जातो. ढोल अधिक मोठा होतो, शब्द तसेच अस्पष्ट राहतात, शेजारी भिंत ठोकतात. येथे आवाज वाढवण्यापेक्षा श्रवणतपासणी हा खरा उपाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबल झाला की हीच मुदत ४ तासांवर येते. घरात मोजण्याचे यंत्र नसते, तेव्हा एक साधी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर संगीत प्रमाणाबाहेर मोठे आहे.

ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांची एक तक्रार असते की यंत्र लावल्यावर गाणे पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखे येते. ती तक्रार खरी आहे. ही यंत्रे प्रामुख्याने बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जुळवलेली असतात आणि गिटारचा लांबलेला स्वर ती गोंगाट समजून दाबू पाहतात. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना करता येते. श्रवणतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे. यंत्र काढून ठेवून दूरदर्शन संचाचा आवाज वाढवणे हा मार्ग कुणाच्याच हिताचा नाही.

तीन तासांचा चित्रपट पाहायचा म्हणजे तीन तास बसणे आले. पायांवर सूज येणाऱ्यांनी आणि लघवी अधिक होण्याची गोळी घेणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातल्या घरात फेरी मारावी. खोलीत पूर्ण अंधार करू नये आणि वायरी वाटेत पडू देऊ नयेत. वायरीत पाय अडकून खुब्याचे हाड मोडलेले पाहिले की त्या गाण्याची चाल आयुष्यभर कडू होते.

संग्रह केव्हा लक्षण ठरतो

बहुतेक संग्रह निरुपद्रवी असतात. पण एक वेगळा प्रकार ओळखून ठेवावा. माझ्या एका रुग्णांना कंपवातासाठी प्रॅमिपेक्सोल सुरू झाले होते. काही महिन्यांनी त्यांच्या घरी मैफलींच्या डीव्हीडी येऊ लागल्या. आठवड्याला दोन, मग दहा. एकाच मैफलीच्या चार-चार प्रती, पाकिटेसुद्धा न फोडलेली. घरच्यांना वाटले, निवृत्तीनंतरचा छंद. मुदत ठेव मोडली गेली तेव्हा प्रकरण माझ्यापर्यंत आले. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांनी काही रुग्णांमध्ये खरेदी, जुगार, खाणे यांची अनावर ओढ निर्माण होते. मज्जाविकारतज्ज्ञांनी औषध हळूहळू बदलले आणि ओढ ओसरली. अशा वेळी औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये, ते धोक्याचे असते. डॉक्टरांना मात्र ताबडतोब कळवावे. त्याचप्रमाणे ज्या व्यक्तीने आयुष्यात कधी काही जमवले नाही, तिने साठीनंतर अचानक वस्तूंचे ढीग लावणे, किंवा संगीताची आवड एकाएकी पूर्ण पालटणे, हे क्वचित मेंदूच्या पुढच्या भागाच्या आजाराचे आरंभीचे चिन्ह असू शकते. चाळीस वर्षांचा जुना संग्रह आणि चार महिन्यांचा नवा ढीग यांत फरक करावा.

खोके उघडताना

चुंबकीय फितीवरचा थर ज्या चिकट पदार्थाने धरून ठेवलेला असतो तो दमट हवेत हळूहळू बिघडतो. आपल्या कोकणपट्टीच्या, मुंबईच्या हवेत त्यावर बुरशीही चढते. यंत्रे आता नवी मिळत नाहीत. जपानमधील फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. म्हणजे फीत आणि यंत्र दोन्ही एकाच वेळी म्हातारे होत आहेत. काय करायचे ते लवकर करावे.

खोके उघडण्याचे काम दम्याच्या रुग्णाने करू नये. इतरांनीही नाकातोंडावर मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, रुग्णाच्या खोलीबाहेर करावे. बुरशी दिसणारी कॅसेट यंत्रात घालू नये. एक कॅसेट यंत्र बिघडवते आणि यंत्र बाकीच्या कॅसेटी बिघडवते. अशी कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगल्या कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात, ध्वनिवर्धकांच्या चुंबकापासून दूर.

विस्मरणाच्या रुग्णाच्या घरी आणखी एक काळजी. कॅसेटीच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटीवर नवीन मुद्रण होत नाही. ती आधी मोडून टाकावी. हात चुकून लाल बटणावर जातो आणि निरोपाच्या मैफलीवर क्रिकेटचा सामना उतरतो. त्यानंतरचा गहजब मी एका घरी पाहिला आहे.

फीत संगणकावर उतरवून घेण्यास तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो. तीन तासांची कॅसेट, तीन तास. त्यामुळे तीनशे कॅसेटी उतरवण्याचा संकल्प सोडू नये, दहा निवडाव्यात. बाजारात मिळणाऱ्या ज्या मैफली आहेत त्या विकत घेता येतील. उतरवायच्या त्या अशा, ज्या अन्यत्र मिळत नाहीत किंवा ज्यांवर घरच्यांचा आवाज, हस्ताक्षर, आठवण आहे. निवड संग्राहकालाच करू द्यावी. आज निवडलेल्या दहा उद्या त्यांना आठवणार नाहीत, तर उद्या पुन्हा निवडू द्याव्यात. आणि पाठीवरच्या अक्षरांची छायाचित्रे काढून ठेवावीत, त्याला दहा मिनिटे पुरतात.

शेवटी एका घराविषयी सांगतो, जिथे मी सध्या दर रविवारी जातो. हे काका रत्नागिरीकडचे, व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. न्यूयॉर्क, रॉटरडॅम, योकोहामा, जिथे बोट लागे तिथून कॅसेटी आणीत. शंभर-सव्वाशे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. काकूंना हाक मारायची असली तरी ‘अं’ एवढेच निघे. त्यात इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत जायचे, सामान निम्मे करायचे. काकूंनी मला दारातच विचारले, ‘डॉक्टर, ह्यांची खोकी देऊन टाकू का? ह्यांना तर आता काही सांगताही येत नाही.’

मला नकाशेवाले काका आठवले. मी म्हटले, ‘काकू, आधी एक लावून बघू या.’

यंत्र धुळीने भरले होते, पण चालले. आम्ही बांगलादेश मैफलीची कॅसेट लावली. पहिल्या दिवशी काका नुसते पाहत राहिले. तिसऱ्या रविवारी हॅरिसनच्या गाण्याबरोबर ते गाऊ लागले. शब्दांसहित, इंग्रजीत, बऱ्यापैकी सुरात. काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. डाव्या बाजूच्या पक्षाघातात बोलणे गेले तरी गाणे राहू शकते, कारण गाण्याला मेंदूच्या उजव्या बाजूचाही आधार असतो. हे मी पुस्तकात वाचले होते आणि तरीही दुसऱ्या दिवशी वाचा-उपचारतज्ज्ञांना फोन करीपर्यंत मला स्वस्थता नव्हती. त्या आता लयीवर शब्द बसवून घेतात. ‘पाणी दे’ आणि ‘नको’ हे दोन शब्द जमले आहेत. ‘नको’ जरा जास्तच जमला आहे, असे काकू म्हणतात.

काकूंना हे संगीत कधी आवडले नाही. चाळीस वर्षे त्या स्वयंपाकघराचे दार लावून घेत असत. आता शेजारी बसतात. वाद्ये लावून झाल्यावर श्रोते टाळ्या वाजवतात तिथे काका दर वेळी हसतात, आणि ते हसणार हे ठाऊक असल्यामुळे काकू आधीच हसू लागतात.

एकेचाळीस कॅसेटी उतरवून झाल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांच्या यंत्राचा पट्टा तुटला आणि तो कुठेच मिळत नाही. घर रिकामे करायला महिना उरला आहे. येत्या रविवारी मी माझा वसतिगृहाच्या दिवसांनंतर घेतलेला व्हीसीआर माळ्यावरून काढून त्यांच्याकडे नेणार आहे. तो चालतो की नाही, हे आज रात्री लावून पाहायचे आहे.